पान सत्तेचाळीसचे शुद्धिपत्र

मृण्मयी तांडेलचे पत्र चंद्रावरून आले त्याला सात आठवडे झाले होते आणि मी उत्तर दिले नव्हते. पत्र शब्दकोशात खूण म्हणून घातले होते. रोज दिसे, रोज मी पान उलटत असे.

अकरा वर्षांची मृण्मयी चंद्रावरच्या वसाहतीत शिकते. तिने लिहिले होते :

"आमची शाळा सूक्ष्मजीव भरलेले बीजयान दूरच्या ताऱ्याकडे पाठवणार आहे. तिथल्या ग्रहावर जीवसृष्टी बहरायला पृथ्वीसारखीच तीन-चारशे कोटी वर्षे लागतील. तारा मतदानाने ठरेल. मी सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा (त्यात भरलेल्या द्रव्याचा) तांबूस तारा सुचवला. बाकीच्यांना सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा पांढराशुभ्र हवा. त्यांनी तुमच्या पुस्तकाचे पान ४७ दाखवले : 'मोठ्या ताऱ्याजवळ इंधन जास्त, म्हणून तो जास्त काळ जगतो.' आजोबा, चुकलं कोण? आमच्या ग्रंथालयात लेखकाच्या सहीचे शुद्धिपत्र चिकटवल्याशिवाय छापील वाक्य बदलत नाही."

चुकलो मी होतो. आयुष्यभर खगोलशास्त्र शिकवले आणि असे वाक्य छापले!

"आबा, मतदान शनिवारी आहे," माझी पुस्तके सांभाळणारा यंत्रमानव टिप्या म्हणाला. "आज मंगळवार. टपाल चार वाजता निघतं, चंद्रावर पोचायला तीन दिवस."

मी लेखणी उचलली. 'काही वाचकांच्या असे निदर्शनास आले आहे की...'

"हे कोण बोलतंय? सरकार?"

मी कागद फाडला.

"'माझी चूक झाली' एवढं लिहायला सात आठवडे! माझी बॅटरीसुद्धा याहून लवकर भरते. चला, मी मृण्मयी. समजावा मला."

"लग्नातल्या आचाऱ्याची भट्टी आठव. तिला दोन सिलिंडर, घरच्या शेगडीला एक. आधी कोण विझेल?"

"भट्टी. तिचा जाळ मोठा. पण ताऱ्यात जाळ वाढवायला आचारी कुठे असतो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"ताऱ्याचं स्वतःचं वजनच आचारी. द्रव्य जास्त, तर गाभ्यावर भार जास्त. त्या भाराला तोलून धरायला गाभा अधिक तापावा लागतो. तापला की संमीलन (हायड्रोजन जुळून हेलियम होणं) भराभर होतं. म्हणून सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याची तेजस्विता (दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा) दुप्पट नसते. ती साधारण अकरापट असते!"

"इंधन दुप्पट, खर्च अकरापट," टिप्या पुटपुटला. "म्हणजे आयुष्य साडेपाच पटींनी कमी?"

"हो. सूर्याचं आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षं. पांढऱ्याचं पावणेदोनशे कोटी."

"म्हणजे जीवसृष्टी अर्ध्यावर असतानाच तारा संपणार!"

"आणि तांबूस ताऱ्याकडे इंधन निम्मं, पण खर्च अकरावा हिस्सा. तो साडेपाच हजार कोटी वर्षं टिकेल. पृष्ठभाग कमी तापलेला, म्हणून रंग तांबूस. जास्त तापलेले तारे पांढरे, त्याहून तापलेले निळसर. वस्तुमान कळलं की तेज, रंग आणि आयुष्य यांचा अंदाज बांधता येतो."

"मग लिहा ना हेच!"

लिहिले. सगळ्यात वर : 'चूक माझी. मृण्मयीचे बरोबर आहे.' खाली शुद्धिपत्र : 'पान ४७. "म्हणून तो जास्त काळ जगतो" ऐवजी "तरी तो कमी काळ जगतो" वाचावे. कारण तो इंधन फार वेगाने जाळतो.' शुद्धिपत्रावर सही केली आणि पाकीट बंद केले.

"मी टाकून येऊ?" टिप्याने विचारले.

"नको. चूक मी केली, चालतही मीच जाईन."

चाराला दहा मिनिटे होती. टपालपेटी कोपऱ्यावरच होती, तरी मला धाप लागली. मते कुणाला पडतील, ते मला ठाऊक नव्हते. पण तांबूस ताऱ्याला पडली तर कधीतरी, त्या तांबूस सूर्याखाली, कुणीतरी डोळे उघडील आणि त्याच्यापुढे भरपूर वेळ असेल.

पाकीट पेटीच्या तोंडाशी अडकले. मी अंगठ्याने ढकलले. आत पडल्याचा आवाज ऐकूनच मी मागे वळलो.