पूर्तिखूण

फिट येणारं माणूस कराडात आता शोधूनही सापडलं नसतं. मेंदूतला तुरीच्या दाण्याएवढा बिघडलेला भाग लेसरच्या उष्णतेने जाळला, की दुसऱ्या दिवशी पेशंट घरी. सुनेत्राबाईंचा दाणा लग्नानंतर लगेच जाळला. आजार लेकीतही उतरला, म्हणून रेवाचा शाळेत असतानाच. दोन्ही वेळा सुनेत्राबाईंच्या नवऱ्याने, विनायकरावांनी पेढे वाटले. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी काय, हे पेढे वाटताना कोण विचारतो?

आता सुनेत्राबाई रिकामी ताटं मांडायच्या आणि कौतुकाने म्हणायच्या, "अगंबाई, भाजी संपवलीत पण?" स्वतःही तृप्त ढेकर द्यायच्या. अंगावरचं ब्लाऊज मात्र सैल होत चाललं होतं.

"काम पुरं झालं, की मेंदू आतून 'झालं' अशी खूण देतो. आम्ही तिला पूर्तिखूण म्हणतो," डॉक्टर बेहेऱ्यांनी समजावलं. "लेसरचा व्रण हळूहळू पसरत तिथवर पोचलाय. आता नुसतं मनात आणलं तरी खूण मिळते. जेवायचं मनात आलं, की जेवण झालं."

"अहो, पण रिकामं ताट दिसतंय ना तिला?" विनायकरावांनी विचारलं.

"दिसतं. पण आतून 'झालं' म्हटल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतं?"

"मग जाळा तो व्रण परत."

"खूण कायमची जाईल. तसे एक गृहस्थ आहेत आमच्याकडे. सारखे हात धुतात. थांबवलं की रडतात."

विनायकराव खुर्चीत पुढे सरकले. "आणि आमची रेवा?"

"तिला अजून बरीच वर्षं आहेत," डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुनेत्राबाईंना समोर बसून भरवा. नको म्हणतील, ऐकू नका. दुसरा इलाज नाही."

रेवा नोकरी सोडून घरी आली. दुपारी ती भरवायची, रात्री विनायकराव. तरी बाई खंगतच होत्या. विनायकराव भातात तूप वाढवत राहिले, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

एका दुपारी ते दुकानातून लवकर परतले. रेवा आईचं तोंड पुसत होती.

"जेवली?"

"सगळं संपवलं आज!" रेवाचा चेहरा फुलला होता.

"पोट अगदी तुडुंब झालं हो," सुनेत्राबाई म्हणाल्या.

ताट भरलेलंच होतं. भातावर तूप गोठलं होतं. विनायकरावांना हंबरडा फोडावासा वाटला. त्यांनी भात कालवला आणि घास उचलला.

रेवाने हळूच त्यांचा हात धरला.

"बाबा, पुरे आता. किती खायला घालाल तिला?"