शिरीषाचे श्वास

कपाटात डबा जागेवर होता. आतली हार्ड डिस्क नव्हती.

"अम्मा, काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघण्याआधी मी स्वतः ठेवली होती इथं," चलपती म्हणाले. हैदराबादच्या त्या ऑफिसात आवाज रेकॉर्ड करून साफसूफ करायचं काम त्यांचं. कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असे आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कामाक्षीनं डबा उलटा करून पाहिला. प्रोजेक्ट मॅनेजर ती. गावोगावच्या नर्सताईंसाठी नवजात बाळांच्या काळजीचे सात धडे तिला आज पोहोचवायचे होते. ऐन वेळी डॉक्टरांच्या समितीनं सातव्या धड्यातलं एक वाक्य बदललं होतं. आणि धडे वाचणारी शिरीषा मागच्याच महिन्यात छातीच्या दुखण्यानं गेली होती. पोरीनं आजार शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नव्हता.

म्हणून काल चलपती निघून गेल्यावर मीटिंगमध्ये रंगाराव साहेबांनी तोडगा काढला होता. शिरीषाचं मूळ रेकॉर्डिंग मशीनला ऐकवायचं, म्हणजे मशीन तिच्याच आवाजात नवं वाक्य बोलेल. हे एकच काय, पुढे हवी तितकी. तेव्हा खोलीत साहेब, कामाक्षी आणि धडे लिहिणारा फणींद्र, एवढेच होते.

"छान," फणींद्र म्हणाला होता. "मशीनला धाप लागत नाही."

किती कोरडा माणूस, असं कामाक्षीला वाटून गेलं होतं.

"चलपतीचीच करामत ही," रंगाराव आपल्या केबिनमध्ये कामाक्षीपुढे गरजले. "मशीन आलं की आपल्या पोटावर पाय येईल, म्हणून डिस्क लंपास! संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर कायमचा घरी बसवतो त्याला."

कामाक्षी चलपतींजवळ जाऊन बसली. ती त्यांना बाबाई, म्हणजे काका म्हणे.

"बाबाई, साहेबांचा संशय तुमच्यावर आहे, नोकरीवर गदा येईल. त्या डिस्कवर असं होतं तरी काय?"

"पोरीचा नुसता आवाज. तयार धड्यांत वाद्यं मिसळलीत. डिस्कवर सगळं कच्चं. चुका, खोकला, हसणं, श्वास."

"श्वास तुम्ही कापता?"

"कापतो ना. शेवटी शेवटी फार कापावे लागले."

"आणि मशीनचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कसलं मशीन, अम्मा?"

कामाक्षी उठली. कानाला हेडफोन लावून तिनं सातही धडे ओळीनं ऐकायला घेतले. पहिल्या धड्यात वाक्यं कशी नदीसारखी लांबच लांब वाहत होती. तिसऱ्यात ती आखूड झाली. सातव्यात तर: बाळाला पुसा. कोरडं करा. छातीशी धरा.

याच वाक्यांवरून तिनं फणींद्रला झापलं होतं. "धडे लिहितोस की तारा पाठवतोस?" "नर्सताईंना सोपं पडेल, अक्का," एवढंच तो म्हणाला होता.

तिला माहेरच्या रामाच्या देवळातले म्हातारे हरिदास आठवले. वय झालं तशी त्यांची बायको त्यांच्या कथेतली पदं लहान करून देई. ते हसून म्हणत, "देवाचं नाव अखंड आहे हो, पण घेणाऱ्याला दम लागतो." लोक डोळे पुसत. कामाक्षीनंही हेडफोन काढून डोळे पुसले.

मग तिनं तिघांना खोलीत बोलावलं.

"डिस्क मशीनच्या धाकानं गेली हे साहेबांचं बरोबर आहे. पण मशीनचं बाबाईंना ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं आपल्या तिघांना. साहेबांना डिस्क हवी होती. मी घेतली नाही. राहिलास तू, फणी."

"मीच तर छान म्हणालो होतो, अक्का."

"म्हणालास. पण तिचं दुखणं आम्हाला ती गेल्यावर कळलं आणि तुझी वाक्यं तिसऱ्या धड्यापासून लहान होत गेली. तू तिच्या श्वासाच्या मापानं लिहीत होतास, बाळा. माझी बोलणी खाऊन लिहीत होतास."

फणींद्रनं जेवणाच्या पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"तिनं जे वाचलं ते कंपनीचं. जे ती कधी बोललीच नाही, ते तिच्या तोंडी का घालायचं? तेही श्वास न घेता?"

"अरे, मग स्वतःपुरती कॉपी करून घ्यायचीस," रंगाराव म्हणाले.

"मशीनला ऐकवायला इथली तर उरलीच असती ना, साहेब."

चलपतींनी डिस्क जोडली. त्यांना नेमकी जागा माहीत होती. आधी खोकला आला. मग खुदकन हसू. मग शिरीषाचा दमलेला आवाज: "फणी, पुढचं वाक्य लहान कर ना रे. आणि कुणाला सांगू नकोस."

"हे मीच कापलं होतं," चलपती म्हणाले. "सांगू नकोस म्हणाली होती पोर."

"म्हणून फणीवर संशय असूनही, स्वतःची नोकरी जात असताना गप्प बसलात?" कामाक्षीनं विचारलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

रंगारावांनी डिस्कची वायर काढून ती फणींद्रपुढे ठेवली. "मशीन नको," ते म्हणाले. "डिस्क त्याच्याकडेच राहू दे. वाक्य कामाक्षी, तू वाच."

फणींद्रनं तिथंच बसून नवं वाक्य लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. कामाक्षीनं पाहिलं. बाळाला पुसण्यापासून ते आईच्या उबेत निजवण्यापर्यंत सगळं एकाच लांबलचक वाक्यात होतं.

"केवढं मोठं लिहिलंस रे!"

"तुम्हाला पुरेल, अक्का. तुमचा श्वास चांगला आहे."

कामाक्षी माइकसमोर उभी राहिली. अर्ध्यावरच तिला श्वास घ्यायला थांबावंच लागलं.

काचेपलीकडे चलपतींनी तो श्वास कापला नाही.