ससाण्याची नजर

डब्याचं झाकण टक्कन उघडलं आणि लपणातली शांतता त्या एवढ्याशा आवाजानं तडकली. शर्वरीनं वळून लेकीवर डोळे वटारले. सहा वर्षांच्या जुईनं पोळीच्या लाडवाकडे नेलेला हात तसाच ठेवला. बाहेर पाणवठ्यावर पखुर्ड्यांनी माना वर केल्या, क्षणभर कानोसा घेतला आणि पुन्हा चोची पाण्यात घातल्या.

थरच्या वाळवंटाच्या या भागात आता नैसर्गिक पाणी उरलं नव्हतं. माणसांनी नळानं भरलेला हा एकच पाणवठा, त्यामुळे लांबलांबची पाखरं इथंच उतरत आणि त्यांच्या मागावर ससाणे, कोल्हे, रानमांजरंही इथंच येत. त्या शिकारीची छायाचित्रं काढणं ही शर्वरीची नोकरी होती. लपण म्हणजे वाळूत अर्धी पुरलेली, मातकट कापडानं झाकलेली खोली. तिथला नियम एकच. बघायचं, मध्ये पडायचं नाही.

थवा उतरत होता तेव्हाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका नराभोवती पिवळं वर्तुळ उमटलं होतं. आता तो पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवत होता. पखुर्डीचा नर असंच पाणी भरून घेतो आणि दूर वाळूतल्या पिल्लांना नेऊन पाजतो. शर्वरीनं त्याच्यावर भिंग रोखलं. थवा उडाला. वरून ससाणा कोसळला, तो नेमका त्याच्यावर.

"आता त्याची पिल्लं?" जुईनं कुजबुजत विचारलं. शर्वरीनं तिला जवळ ओढलं आणि लाडू तिच्या हातात दिला.

पूर्वी असं एक चित्र मिळावं म्हणून छायाचित्रकार आठवडेच्या आठवडे ताटकळत. छावणीवरचे संशोधक डॉ. हणमंते यांनी ते सोपं करून टाकलं होतं. शर्वरी छावणीवर रुजू झाली तेव्हा त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं की ससाणा काही डोळे मिटून झडप घालत नाही. शेकडो पाखरं एकत्र उडतात तेव्हा त्यांच्या पंखांना एक लय असते. एखादं पाखरू आतून दुबळं झालेलं असलं की त्याचा पंख त्या लयीत केसभर मागं पडतो. माणसाला ते दिसत नाही. खुद्द त्या पाखराला जाणवत नाही. शिकाऱ्याला मात्र दिसतं. या मागं पडण्याला त्यांनी लयभंग असं नाव दिलं आणि शिकारीची असंख्य चित्रणं दाखवून दाखवून कॅमेऱ्याला ससाण्याची नजर शिकवली. वर्तुळ चुकत नसे. आजोबा, ते तुमच्यावर येईल का, असं जुईनं विचारलं होतं, तेव्हा मला खाऊन ससाण्याचंच पोट बिघडेल, म्हणून ते खो खो हसले होते.

उन्हं कलल्यावर छावणीच्या अंगणात जुई आणि सुट्टीला आलेली इतर मुलं पकडापकडी खेळत होती. शर्वरी पायरीवर बसून भिंगावरची वाळू पुसत होती. कॅमेरा चालूच राहिला होता. पडद्यावर धावणाऱ्या मुलांमध्ये वर्तुळ उमटलं, जुईभोवती.

तिला आधी हसूच आलं. मग तिनं मुलांना पुन्हा त्या खांबापर्यंत पळायला सांगितलं. धंद्याची सवयच ती, एका चित्रावर तिचा कधी विश्वास बसत नसे. वर्तुळ जुईभोवतीच. तिनं जुईची लाल टोपी दुसऱ्या मुलीला घातली. जुईला मधोमध पळवलं, कडेनं पळवलं, बूट काढून पळवलं. शेवटी पोर धापा टाकत तिच्या मांडीवर येऊन पडली, आणि शर्वरीनं स्वतःची समजूत घातली की दमली म्हणूनच आलं असेल, आपणच पळवून पळवून दमवली तिला.

"पहिल्यांदा दमली नव्हती," रात्री तिनं सगळं सांगितल्यावर हणमंते म्हणाले. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच निवत होता.

"मग काय झालंय तिला, सर?"

"कॅमेऱ्याला आजार कळत नाही गं. ससाण्याला तरी कुठं कळतो? त्याला फक्त कुणाला धरायचं ते दिसतं."

"तुमचं यंत्र पाखरांसाठी आहे. माझी मुलगी पाखरू नाही."

"खोटं ठरू दे ते यंत्र," ते म्हणाले. "माझं सगळं काम खोटं ठरलं तरी चालेल मला. पण तिला तपासून आण."

शहरात जुईचं रक्त, हृदय, मेंदू, स्नायू सगळं तपासून झालं. सगळं उत्तम. पोर ठणठणीत आहे, उगाच घाबरता, असं डॉक्टरबाई जुईचा गालगुच्चा घेत म्हणाल्या. शर्वरीनं हे फोनवर हणमंत्यांना सांगितलं. मग ते हळूच म्हणाले की आपल्या तपासण्यांना सापडेल एवढं दुखणं वाढेपर्यंत ससाणा थांबत नसतो. कदाचित काही वर्षांनी कळेल. कदाचित काही नसेलच.

त्यानंतर शर्वरीनं जुईवर कॅमेरा धरला नाही. काम संपलं की तो पेटीत जाई आणि पेटीला कुलूप लागे. नजर मात्र कशात कोंडून ठेवता येईना. जुई पायऱ्या चढताना, दोरीवरच्या उड्या मारताना, झोपेत कूस वळताना ती बघत राही. उजवं पाऊल जरा उशिरा पडलं का? पाण्याचा पेला धरताना बोटं थरथरली का? पूर्वी लेक पळताना दिसली की तिला नुसतं बरं वाटायचं. आता ते पळणं ती तुकड्यातुकड्यांनी बघत होती, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या पोराच्या पळण्याशी ताडून पाहत होती.

शाळेची सुट्टी संपत आली होती. सकाळी अंगणात पकडापकडी रंगली असताना जुई मध्येच थांबली. बाकीची पोरं ओरडत पुढं निघून गेली. ती एकटीच माघारी आली आणि पायरीवर रिकाम्या हातांनी बसलेल्या आईच्या गुडघ्यांवर तिनं दोन्ही तळवे टेकवले.

"आई," ती म्हणाली, "मी पळते तेव्हा तू काय शोधत असतेस?"