मोजून वीस काळे फोटो

रात्री पावणेतीनला दादा गच्चीवरून पडून मेला, मग तीनला त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग झाकलं कुणी? धाकट्याने डॉक्टरला विचारलं, पोलिसाला विचारलं. 

दादा लांब भिंगाने तेजोमेघांचे फोटो काढायचा. स्टँड ताऱ्यांमागे हळूहळू वळायचा आणि कॅमेरा दर दोन मिनिटांनी आपोआप फोटो घ्यायचा. शेवटी दादा भिंगावर झाकण ठेवून वीस काळे फोटो काढी. खऱ्या फोटोतले खोटे ठिपके त्यावरून पुसता येत. त्या रात्रीही तीनपासून फोटो काळे होते. मोजून वीस. पुढे परत तारे. आणि झाकण तर दादाच्या खिशात सापडलेलं.

ही पद्धत घरात एकट्या वहिनीला ठाऊक होती. तिनेच दादाला ढकललं, असं धाकट्याच्या डोक्यात बसलं. त्याने आईचेही कान भरले. आईने सुनेशी बोलणं टाकलं आणि रविवारी तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं.

शनिवारी रात्री त्याने कॅमेरा गच्चीत तसाच लावला, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून वहिनीला स्वयंपाकघरात समोर बसवलं.

"मी कुठे पळत नाही, भावजी," ती म्हणाली. "तुम्हीच पेंगू नका म्हणजे झालं."

तीन वाजले. जिन्यावरून ओल्या मातीसारखा गार वास उतरला. वर कुणीतरी अनवाणी चालत होतं... थांबलं.

"हे आलेत..." वहिनी कुजबुजली. "मला वर जाऊ द्या..."

त्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

सकाळी पाहिलं, तर तीनपासून वीस फोटो काळे. त्याने फोटोतला उजेड वाढवला. भिंगावर उजवा पंजा होता, बोटांच्या फटींतून तारे दिसत होते. पाचही बोटं शाबूत. दादाची उजवी करंगळी तर कारखान्यात यंत्राखाली गेलेली.

त्याने आईला सांगितलं, वहिनीचा काही दोष नाही, ती माझ्यासमोर होती. मग वहिनीची भरलेली बॅग स्वतः रिकामी केली.

"तेच होते ना?" तिने विचारलं.

"हो... पण तुम्ही वर जाऊ नका."

हातोडी घेऊन तो गच्चीचं दार कायमचं बंद करायला गेला. जुनं दार प्रत्येक घावाला बाहेर ढकललं जाई, खिळा काही बसेना. चौथ्या घावाला दार हललंच नाही. पलीकडून कुणीतरी ते घट्ट दाबून धरलं होतं. फळ्यांच्या फटीतून चारच बोटांचा पंजा दिसला. त्याने उरलेले खिळे ठोकले.