तोंड उघडं ठेवा

गुलाबी लगदा. कानात भरला की थोड्या वेळाने रबर होतो.

एक काळा टी-शर्ट. छातीवरचं चित्र धुऊन धुऊन गेलेलं. आता त्याने मी ओटा पुसते.

बाळाला घास भरवताना भरवणाऱ्याचंही तोंड उघडतं. बघा कधी. ठरवून कोणी करत नाही.

फुलदाणीतलं पाणी. आठवडाभर न बदललेलं.

आमच्या घरात मी जांभई द्यायची नाही, असं ठरलंय.

ही सगळी एकाच प्रकाराची टोकं आहेत. प्रकार खरा आहे. माझ्यासोबत घडलाय. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, मला वाद घालायचा नाही. वाद घालायला तोंड उघडावं लागतं. म्हणून तर लिहितेय.

रात्र नव्हती. भर दुपार होती, गुरुवारची, जेवणाच्या सुट्टीनंतरची. खाली टायरचं दुकान आणि वर पहिल्या मजल्यावर आमचं श्रवणयंत्रांचं सेंटर. मी तिथे लोकांचे कान तपासते, माप घेते, यंत्र बसवते. काउंटरवर माझी नणंद बसते. पेशंटपेक्षा मोठ्याने तीच बोलते.

आत एक बूथ आहे. कपाटापेक्षा थोडी मोठी खोली. भिंतींना जाड फोम, दार फ्रिजसारखं दाबून बंद होतं. आत बसलं की खालच्या दुकानातला हातोडासुद्धा ऐकू येत नाही. स्वतःचं रक्त तेवढं ऐकू येतं. नवे पेशंट घाबरतात.

मला सवय होती.

होती...

आता जरा मागचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मेटल ऐकते, ते किंचाळत गायचं रॉक संगीत. बाई असून, आई असून, कानांची तज्ज्ञ असून. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. घरात सगळे कुजबुजत बोलायला लागले. दार हळू लावायचं, भांडं हळू ठेवायचं. वर्षभर तेच. मला किंचाळायचं होतं आणि घरात किंचाळायला जागा नव्हती. एक दिवस मैत्रिणीने तिचा इयरफोन माझ्या कानात खुपसला.

त्यातला गायक माझ्या वाटचं किंचाळला.

त्या गायकाला आम्ही चाहते 'गुहा' म्हणायचो. तो गायचा नाही. त्याच्या आतून काहीतरी गुरगुरत वर यायचं. शब्द कळायचे नाहीत, कव्हरवर वाचायला लागायचे. पण मला समजायचं. लग्न झालं, बाळंतपणं झाली, तो आवाज सोबत राहिला. नवरा म्हणायचा, "आपल्या लग्नात आपण तिघं आहोत. तिसऱ्याला खोकला झालाय."

आणि मग तो नवा अल्बम आला.

पहिलं गाणं लावलं आणि वाटलं, चुकीची फाइल उतरली. व्हायोलिन. चुटक्या. मागे लहान मुलांचा कोरस. आणि त्या सगळ्यावर गुहा गात होता... गोड. मध चाटून आल्यासारखा. मध्येमध्ये 'ऊं ऊं ऊं'. श्वास घ्यायलासुद्धा फट नाही. एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. चिकट, लांबट, न तुटणारं, शेंबडासारखं.

माफ करा, पण दुसरा शब्द नाही.

चाहत्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "गुहेला पडदे लावले." दुसऱ्याने लिहिलं, "आणि सोफासेट."

नवरा म्हणाला, "छान आहे की. आता मुलं झोपल्यावरही लावता येईल."

त्याच संध्याकाळी त्याच्या चित्राचा टी-शर्ट कात्रीने कापून ओट्यावर टाकला.

तर, तो गुरुवार.

नणंदेने आत डोकं घातलं. "वहिनी, तुझा राक्षस आलाय. मफलर गुंडाळून. आणि सारखा गुणगुणतोय गं, जुना फ्रिज घरघरतो ना, तसा."

खरंच तोच होता. वाळलेला. डोळ्यांखाली काळं. हातात कोमट पाण्याची बाटली, तळाशी मध बसलेला.

"मॅडम, स्टेजवर कानात घालायला प्लग हवेत. मापाचे." आणि लगेच, "ऊं ऊं ऊं."

तेच गाणं. दोन वाक्यांच्या मध्ये तेच, घोट गिळला की तेच. मनात म्हटलं, माणसाने स्वतःच्या प्रेमात पडावं, पण इतकं?

मला राहवलं नाही. "तुमचा जुना आवाज का सोडलात? घशाला त्रास व्हायचा?"

"घशाला नाही." ऊं ऊं. "तो घरी यायला लागला होता."

"कोण?"

"आवाज." त्याने दाराकडे बघितलं. "मी गप्प असलो की. मुलीला गोष्ट सांगताना दम घ्यायला थांबलो, की मध्येच. मी काढत नव्हतो, मॅडम. ऊं ऊं ऊं. ती आता माझ्या मांडीवर बसत नाही."

मला हसू आलं. गोड माल विकायचा तर कडू कारण हवंच. मुलाखतीसाठी तयार केलेलं असणार.

तो बूथकडे बघत होता.

"माप तिथे घेऊ या का? तिथून आवाज बाहेर जात नाही ना?"

"नाही."

"नक्की ना?"

मी दार उघडून दिलं. समोरासमोर दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जागा. दार दाबून बंद केलं. खालचा हातोडा कापल्यासारखा थांबला.

राहिलं फक्त ऊं ऊं ऊं.

मी कपाळावरचा दिवा लावला, कान बघितले. उजव्यात मळ, जुन्या मधाच्या रंगाचा. काढला. दोरा बांधलेले कापसाचे बोळे आत सरकवले. मग दातांत धरायचा ठोकळा त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"गाताना जबडा हलतो, तसा कानाचा आतला आकारही बदलतो. तोंड मिटून माप घेतलं तर गाताना प्लग सैल पडतो. गाणाऱ्यांचं माप आम्ही तोंड उघडं ठेवूनच घेतो." मी नेहमीसारखं करून दाखवलं. "असं. आ... लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही."

"गुणगुणता येईल?"

"नाही. घसाही स्थिर हवा."

त्याचा चेहरा उतरला. उतरला म्हणजे, खरंच खाली घसरल्यासारखा झाला.

"मग तुम्ही गुणगुणाल का? तेच गाणं? माप निघेपर्यंत. मला ऐकू नाही आलं तरी चालेल. त्याला ऐकू गेलं म्हणजे झालं."

"मला ते गाणं येत नाही."

"सगळ्यांना येतं, मॅडम."

येतच होतं. शब्दन् शब्द. ज्याची किळस येते ते पाठ होतंच. पण जीव गेला तरी ते गाणं माझ्या तोंडातून निघणार नव्हतं. एवढी वर्षं मी या माणसाच्या आवाजावर जगले, आणि हा मला अंगाई म्हणायला सांगतो!

"मग माप राहू दे का?" मी विचारलं.

पुढच्या आठवड्यात मोठा कार्यक्रम होता. त्याने ठोकळा दातांत धरला.

लगदा मळला, पिचकारीत भरला. एक कान. दुसरा कान. टायमर लावला.

ऊं ऊं थांबलं.

शांतता...

माझं रक्त ऐकू येत होतं. टायमरची टिकटिक. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार ठोकळ्यावर उतरली.

मग खालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला.

बरं वाटलं. ट्रक.

आणि लक्षात आलं... या खोलीत ट्रक ऐकू येत नाही.

तो आवाज वर चढत होता. गुरगुरत, खरवडत, विहिरीच्या भिंतीला धरून आल्यासारखा. मी ओळखला. अंगावर काटा आला, भीतीचा नव्हे. आनंदाचा! तोच. पहिल्या अल्बममधला. तोच, जो माझ्यासाठी किंचाळला होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मी त्याच्याकडे बघितलं.

त्याची छाती हलत नव्हती.

जीभ तळाशी पडून होती. माझ्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड थेट त्याच्या घशात जात होता. ओला, लाल, स्वच्छ दिसत होता घसा.

त्यातलं काहीही थरथरत नव्हतं.

एखाद्या पाइपातून यावा तसा आवाज येत होता. पाइपाचा त्याच्याशी काय संबंध?

मग वास आला... फुलदाणीतल्या सडक्या पाण्याचा. गरम. माझ्या थेट तोंडावर. आयुष्यभर मी जे कानात घालून झोपले, ते हे होतं? या वासाचं?

त्याला काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही कान बंद. तो फक्त माझा चेहरा वाचत होता. आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. डोळ्यांतून धार लागली त्याच्या, पण बिचारा हलला नाही. मीच सांगितलं होतं ना, हलायचं नाही.

आवाज वाढला. जवळ आला.

अजून जवळ...

आणि तुटला. हळूहळू विरला नाही. उंबरठा ओलांडून कोणी पलीकडे गेलं की पावलं थांबतात, तसा.

टायमर वाजला.

मी मापं ओढून काढली, पच्च आवाज करत. त्याने ठोकळा काढला, ओठ पुसले. आणि गप्प बसून राहिला. वाट बघत. मीही बघत होते.

काही नाही.

"थांबलं," तो म्हणाला. ऊं ऊं नाही. "मॅडम... गेलं." हसला, लहान मुलासारखा. माझे दोन्ही हात धरून रडला. त्याचे तळवे चिकट होते. मला हात धुवायचे होते.

जिन्यावरून तो उतरला तेव्हा फक्त चपलांचा आवाज आला.

"काय गं," नणंद म्हणाली, "येताना रेडिओ होता, जाताना बंद पडला. काय केलंस?"

"तुला काही ऐकू आलं?"

"बूथमधून? कधी येतं का?" माझ्याकडे बघून ती हसली. "वहिनी, तोंड मीट आधी. माशी जाईल."

प्लग तयार होऊन आले. तो घ्यायला आला नाही. परवा त्याची मुलाखत वाचली. आता गाण्यांत मोकळ्या जागा ठेवणार आहे म्हणे. शांतता आवडायला लागलीय त्याला. खाली फोटो. मुलगी मांडीवर.

त्या गुरुवारी रात्री जेवताना मला जांभई आली.

धाकट्याच्या हातातला चमचा पडला. मोठी टेबलाखाली गेली. नवरा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "हा विनोद परत करू नकोस."

मी विनोद केला नव्हता.

आता मी जबड्याला पट्टी बांधून झोपते. मेलेल्या माणसाचा बांधतात तशी. नवरा मुलांच्या खोलीत झोपतो, आतून कडी लावून. माझी एक दाढ किडली आहे. तिचा घाणेरडा रस जिभेवर येतो, पण दातांच्या डॉक्टरकडे जाऊ कशी? ते पहिलं वाक्य काय म्हणतात, माहीत आहे ना तुम्हाला.

दिवसा गुणगुणते. सगळं करून बघितलं. प्रार्थना, सिनेमाची गाणी, पाढे. कशानेही थांबत नाही. त्याला चालतं ते एकच. व्हायोलिन, चुटक्या, मुलांचा कोरस. ऊं ऊं ऊं. पेशंटच्या कानात लगदा भरताना, भाजी चिरताना, मुलांना शाळेत सोडताना. प्रत्येक वेळी थुंकून टाकावंसं वाटतं.

थुंकायलाही तोंड उघडावं लागतं.

काल धाकटा शेजारच्या काकूंना सांगत होता, "आईला ते गाणं खूप आवडतं."

त्या दुपारी बूथमध्ये तो गायक फार घाबरला होता, म्हणून त्याला धीर यावा यासाठी, माप निघेपर्यंत मीही त्याच्यासमोर आ करून बसले होते.