धुक्याची पेटी

दादाला स्वच्छतेचं भारी वेड. ससाण्यांच्या पिंजऱ्यातल्या काथ्याच्या चटया तो रोज धुतो आणि पुरत्या वाळायच्या आत परत अंथरतो. ओलसर काथ्यावर बुरशी धरते, तिची भुकटी पक्ष्यांच्या श्वासात जाते. तीन ससाणे असेच गेले. उरली एक मादी.

"वाळू दे, वाळू दे म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"तू डॉक्टर ना? मग हिला बरी कर. चटयांवरून नंतर फाडून खा मला."

आत. शिट्टी.

बाहेर. टिक्.

श्वास सोडताना तिच्या छातीत टिक् वाजायचं. त्या तिघांच्याही वाजायचं. मेल्यावर उघडून पाहिलं, तर आत शिळ्या पावावर येते तशी हिरवट बुरशी.

गोळ्या ती ओकून टाकायची. मग एकच उपाय : तिला काचेच्या पेटीत दांडीवर बसवायचं, औषधाचं धुकं सोडायचं, दार लावायचं. तरी वजन घसरतच होतं. कुणावर चिडावं तेही कळेना, म्हणून मी दादावर चिडत होते.

त्या दुपारी दादा तिला आणायच्या आधीच मी धुकं सोडलं. पेटी रिकामी होती.

दांडीच्या वर एका जागी धुकं आत ओढलं गेलं. मग बाहेर आलं.

शेजारी आणखी एका जागी. तिच्या पलीकडे आणखी एका.

पंखा बंद केला. नळी तपासली. पेटी बदलली.

आत. बाहेर. तीन जागी.

"दादा, पेटीला भोक आहे का रे कुठे?"

"भोक तुझ्या डोक्याला. जरा झोपत जा."

औषध थांबवलं तर ती मरणार होती. दांडीचं टोक मोकळं होतं. तिला तिथे बसवलं.

सकाळी दादाची हाक आली. "अगं, धाव! खातेय!"

ती त्याच्या हातमोज्यावर ताठ बसली होती. डोळे लख्ख. पिसं चापून बसवल्यासारखी. दादाच्या डोळ्यांत पाणी.

"जिंकलीस गं! आता चटया आठवडाभर वाळवतो, मग तर झालं?"

मी तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला.

दादाने श्वास रोखला. "टिक् येतंय?"

"नाही."

काहीच येत नव्हतं.

जागा बदलली. पुन्हा ऐकलं. तिने मान वळवून माझ्या बोटांतला मांसाचा तुकडा घेतला.

मागे पेटीत कालचं धुकं अजून विरलं नव्हतं.

आत.

बाहेर.

चार जागी. टोकाच्या जागी, टिक्.