एकाच चेहऱ्याचे गाडीवान

"काऊन फेकून राह्यले ते?"

आवाज मागून आला आणि प्रभाकरचे हात थबकले. पुलगावच्या बाजारओळीत त्याचं खेळण्यांचं आणि कटलरीचं दुकान. दुकानामागच्या पत्र्याखाली भंगारवाल्याची हातगाडी उभी होती आणि प्रभाकर तिच्यात एक मोठं खोकं रिकामं करायच्या बेतात होता. आषाढाची सर अवचित आली म्हणून त्याच पत्र्याखाली एक मुलगी आडोशाला शिरली होती. ओली वेणी खांद्यावरून पुढं आलेली, हातात ऑइलपेंटच्या दोन डब्या, आणि डोळे... डोळे काही त्याच्याकडे नव्हते. ते खोक्यात होते.

खोक्यात होते प्लास्टिकचे शिपाई. वीतभर उंच, डोक्यावर टोप, हातात बंदूक, हातपाय खांद्यात-कमरेत फिरणारे. नागपूरहून येताना वाटेत त्यांच्यावर कसलंसं ओझं पडलं होतं आणि अख्खी पलटण लढाईआधीच जायबंदी झाली होती.

"फुटके हायत. लेकरं बी घेत नाईत असे," प्रभाकर म्हणाला.

"सगळे एकाच जागी फुटले का?"

"म्हणजे?"

तिनं विचारल्याशिवाय खोक्यात हात घातला. "ह्याचा हात गेला, पाय साबूत हायत. त्याचे पाय गेले, हात साबूत हायत. दोघांत मिळून एक तर बनते ना?"

"अन् बनवनार कोन?"

"मी. दुसरं कोन हाय इथं?"

भंगारवाला कंटाळून विडी पेटवायला निघून गेला. पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि खरं सांगायचं तर प्रभाकरलाही तो थांबायला नकोच होता.

तिचं नाव भागीरथा. पुलगावला लागूनच असलेल्या नाचणगावच्या बबनरावांची थोरली लेक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो, तेव्हा लेकरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मिरवायला आणतात. दरवर्षी गावातल्या झिजलेल्या नंदींना नवी शिंगं, नवी चाकं आणि नवा रंग देणारी हीच. हातातल्या डब्या त्यासाठीच होत्या.

"नंदी इतका सजवतो आमी, पन त्याले हाकलनारा कोनी नसते," ती म्हणाली. "यंदा प्रत्येक नंदीमागं गाडीवान बसवतो."

"हे? हे तर शिपाई हायत!"

"बंदूक काढली, चाबूक देला, झाला कास्तकार. टोपावर फेटा बांधला का त्याले बी कोनी ओळखत नाई." तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "फुकट नाई नेत मी. जेवढे बनतीन त्यातले अर्धे तुमच्या दुकानात आनून ठेवीन."

"अन् नाई बनले तर?"

"बनतेच," ती म्हणाली, खोकं कमरेवर घेतलं आणि भर पावसात चालायला लागली. डोक्यावर घ्यायला काही द्यावं हे प्रभाकरला सुचलं तेव्हा ती बाजाराच्या टोकाशी पोचली होती. काही माणसांची अक्कल घोड्यावरून येते, प्रभाकरची बैलगाडीनं यायची.

त्यानंतर त्याच्या सायकलीला नाचणगावची वाट पाठ झाली. दर आठवड्याला, बाजार उठला की, हँडलला पिशवी अडकवून स्वारी बबनरावांच्या ओसरीवर हजर.

"पांढऱ्या रंगाची डबी आनली," तो म्हणायचा.

"मागच्या टायमाले बी पांढरीच आनली होती."

"धोतरं पांढरी असतात ना... लागन म्हटलं."

"इतक्या रंगात अख्ख्या पुलगावची धोतरं रंगतीन, प्रभाकरभाऊ!"

तो जरा घुटमळला. "भाऊ नका म्हणू."

"मंग काय म्हणू?"

"काई नका म्हणू. तसंच... बोला."

भागीनं मान खाली घातली आणि ब्रश नको तेवढा वेळ पाण्यात खळबळला. ऑइलपेंटचा ब्रश पाण्यानं धुतला जात नाही हे त्या घडीला तिला आठवलं नाही, आणि त्यालाही.

तिचं काम मात्र चोख. गरम पाण्यात प्लास्टिकचा खांदा मऊ करायचा, हात हळूच उपटायचा, दुसऱ्याचा हात तिथं बसवायचा. सांधा ढिला वाटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आत ओवायची. चेहऱ्याचा जुना रंग खरवडून कोरा करायचा आणि मग त्यावर भुवया, डोळे, ओठ. ओठांपाशी आली की ती श्वास धरून बसायची. प्रभाकर समोर बसून बाहुला दोन बोटांत धरून ठेवायचा. ब्रश फिरायचा, ती वर बघायची, पुन्हा खाली बघायची, पुन्हा वर... आता चेहरा काढताना माणूस समोर बघणारच, त्यात काय एवढं! निदान भागीची तरी अशीच समजूत होती.

बोलता बोलता एकमेकांचं कळत गेलं. त्याचे वडील वारले, तेव्हा वर्ध्याचं कॉलेज सोडून तो गल्ल्यावर बसला होता. घरात तो आणि आई, प्रमिलाबाई. भागीसाठी आर्वीचं स्थळ आलं होतं, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिच्या आईनं, आनंदाबाईंनी, डाळ निवडता निवडता सांगितलं.

"मुलगा सरकारी कचेरीत हाय. पोळा झाला का येनार हायत पाहुने. त्याहिचं एकच म्हननं हाय, का हा बाहुल्याइचा नाद पोरीनं सोडला पाहिजे."

"नाद असता तं सोडला असता, माय," भागी ब्रश न थांबवता म्हणाली. "हे काम हाय माहं."

प्रभाकर बाहुला अलगद खाली ठेवून, डाव्याउजव्या पायात चपलांची अदलाबदल करून, सायकलवर बसून निघून गेला. त्या आठवड्यानंतर पांढऱ्या रंगाची डबी आली नाही. भागीनं उरलेले गाडीवान एकटीनं रंगवले, दात-ओठ खाऊन रंगवले, आणि समोर कोणी नसतानाही तिचे डोळे मधूनच वर जायचे.

पुरे झाले तसे दुकानाच्या वाट्याचे अर्धे तिनं खोक्यात बांधून ठेवले आणि बाकीचे एकेक करून लेकरांच्या घरी पोचवले, कागदात गुंडाळून, पोळ्यापर्यंत उघडायचे नाहीत म्हणून दटावून. सगळे एके ठिकाणी असे कोणी पाहिलेच नव्हते.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी उघडीप होती. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली नंदींची रांग लागली. गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, आणि यंदा प्रत्येकाच्या मागं चाबूक उगारलेला, फेटा बांधलेला, ऐटबाज गाडीवान! आयाबाया कौतुकानं पुढं आल्या. एकीनं पाहिलं, दुसरीनं पाहिलं... आणि तोंडाला पदर लावून एक एक जण हसायला लागली.

डावी भुवई जराशी वर चढलेली. हनुवटीला खळी. फेट्याखालून कपाळावर उतरलेली बट. एकट्यादुकट्या बाहुल्यात कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण इथं तोच एक चेहरा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसला होता.

पोळ्यात झडती, म्हणजे बैलांपुढची चटकदार पदं, म्हणायचा मान म्हाताऱ्या नत्थूजींचा. झडतीत कोणाचीही टर उडवावी, आणि कोणी रागावू नये, असा रिवाज. नत्थूजींनी घसा खाकरला, हात वर केला आणि जागच्या जागी जुळवून ठोकून दिली:

"काळ्या रानात फुटला पांढरा कापूस,
अन् एका-एका बैलामागं एकच मानूस!
मानूस कोनाचा? पुलगावच्या दुकानाचा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव खदखदून हसलं. भागीनं रांगेकडे पाहिलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तिला खरोखरच माहीत नव्हतं. इतके दिवस तिचा हात जे बोलत होता ते तिनं स्वतः आत्ता, सगळ्या गावाबरोबर ऐकलं होतं.

घरी आल्यावर आनंदाबाईंनी दाराला कडी घातली. "रविवारी पाहुने हायत. गावात कोनी एक शब्द सांगतला तं मोडलं समज. उद्याच्या उद्या घरोघरी जा अन् थोबाडं पुसून टाक सगळ्याइची. मिशा रंगव, दाढ्या रंगव, काई बी कर!"

बबनराव खाटेवर बसून होते. ते हळूच म्हणाले, "पोरी, तुह्या मनात काय हाय?"

भागीनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "मले उद्या दुपारपर्यंतचा वेळ द्या, बाबा. पुसायचं असन तं मीच पुसीन. पन आधी ज्याचं थोबाड हाय त्याले विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी उजळमाथ्यानं, भर बाजारातून, एक गाडीवान हातात धरून ती पुलगावच्या दुकानात शिरली. वाटेत दोघीतिघी हसल्या. तिनं मान खाली घातली नाही. प्रभाकर गल्ल्यावर होता. तिला बघून तो इतक्या घाईनं उठला की मण्यांच्या माळांचा अख्खा गठ्ठा खाली सांडला.

भागीनं बाहुला काउंटरवर उभा केला. "हे कोनाचं थोबाड हाय?"

"...माहं."

"अख्ख्या नाचणगावात बसवून ठेवलं मी. मले मालूम नव्हतं. तुमाले होतं का?"

त्यानं बाहुला आपल्याकडे वळवला. "चौथ्याच बाहुल्याले समजलं होतं."

"चौथ्या! अन् बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो तं तू पाचव्याले बदलून टाकला असता."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. भागीच्या ते लक्षात आलं, पण ती ज्या कामाला आली होती ते सोडून देणारी नव्हती.

"मंग येनं काऊन बंद केलं?"

"आर्वीचं स्थळ आलं म्हटलं. सरकारी नोकरी... माह्याजवळ काय हाय? पिना अन् कंगवे. वाटलं, मधात येऊ नये."

"ते कोनी ठरवलं? तुमी? मले न विचारता?" तिचा आवाज चढला. "ऐका आता. रविवारी पाहुने येतीन. तुमी नाई म्हटलं तं मी आजच सगळी थोबाडं पुसतो अन् तुमचं नाव बी घेत नाई. हो म्हटलं तं एकाले बी हात लावत नाई. अन् हे बी सांगून ठेवतो, मी आली तं रंगाचे हात घेऊनच येईन. मागच्या पत्र्याखाली लपून नाई काम करनार."

"पुढची बाजू तुही," तो म्हणाला. "आरसे तिकडे सरकवतो. उजेड चांगला हाय इथं... हो. हो म्हटलं मी, भागी. ऐकलं ना?"

ऐकलं होतं. पण ते तिनं एकटीनंच ऐकलं नव्हतं. आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि प्रमिलाबाई बाहेर आल्या. झडती आज सकाळीच त्यांच्या कानावर पोचली होती, आणि चेहरा सांगत होता की ती त्यांना मुळीच गोड लागली नव्हती.

"तूच का ते? माह्या पोराले बैलामागं बसवनारी? सकाळपासून जो येते तो हसते. पुसून टाक ते सगळं. आजच्या आज!"

"आई..." प्रभाकर पुढं झाला.

भागीनं त्याला हातानं थांबवलं. हे तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगायचं नव्हतं. "नाई पुसत, काकू. तुमी मोठ्या हा, बोला मले किती बी. पन मी मन लावून काढलं ते. खोटं असतं तं पुसलं असतं."

"मन लावून! पाहू दे कसलं मन ते." प्रमिलाबाईंनी बाहुला उचलला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. उजेडाकडे धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. प्रभाकर जमिनीवरच्या माळांत उभा होता आणि भागी बाईंच्या बोटांकडे बघत होती.

बाईंचा अंगठा हलकेच बाहुल्याच्या ओठांवर टेकला. डावा कोपरा आधी वर गेलेला, उजवा त्याच्या मागून निघालेला. खालच्या ओठाखाली बारीकशी सावली.

"हा हसून राह्यला," त्या म्हणाल्या. आवाज एकदम उतरला होता.

"हो."

"ह्याचा बाप गेल्यापासून मी हे पाह्यलं नाई. दुकानात नाई, घरात नाई, सणावाराले नाई. मले वाटे, इसरला असन." त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग भागीकडे. "हा असा हसते? कुठी हसते?"

भागीला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही. "आमच्या ओसरीवर."

प्रमिलाबाईंनी बाहुला पदरानं पुसला, फक्त वरची धूळ, आणि छातीशी धरला. मग गल्ल्याच्या किल्ल्या उचलून मुलाच्या हातात दिल्या.

"दुकान बंद कर," त्या म्हणाल्या. "चाल, ते ओसरी मले दाखव."